कारला व्हिंटेज नंबर, ट्रकला गॅस कटर?



आडसाली लागण उरकली. परवापासून झड लागलीय, रानात वापसा नाही. खतं-फवारणीचं पुढच्या आठवड्यात लिहीन. आज वेगळा विषय घेतो. वरवर बघता तो शेतीचा वाटणार नाही, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

आमच्या शेजारच्या वस्तीवर एक जुनी टाटा १२१० उभी आहे. नाकवाली, लाकडी केबिनची. १९७४ सालची नोंदणी, ‘एम’नं सुरू होणारा जुना तीन अक्षरी नंबर. मालक वारले, गाडी पोरांच्या वाट्याला आली. तिच्याबद्दल गावात दोन मतं आहेत. एक म्हणतात, कापून टाका, लोखंडाला भाव आहे. दुसरे म्हणतात, झगझगीत रंग मारून हायवेच्या ढाब्यापुढं उभी करा, लोक फोटो काढतील.

मला दोन्ही मतं पटत नाहीत. माझं मत असं आहे: हे जुने डिझेल ट्रक रोजच्या धंद्यातनं काढलेच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण सगळे कापायचे नाहीत. तालुक्याला एक तरी गाडी मूळ रूपात, चालू स्थितीत राहिली पाहिजे. आणि त्यासाठी कायद्यात एका ओळीची जागा पाहिजे. ती जागा आज नाही.

आधी कायद्याचं सांगतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि धंद्याला न लावलेली गाडी असेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी, १० वर्षांची मुदत, पुढं नूतनीकरणाला ५ हजार. अशी गाडी रोज रस्त्यावर फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती, तेल भरणं एवढ्यापुरती बाहेर काढायची. नियम चांगला आहे, काही म्हणणं नाही.

पण व्हिंटेज कुणाला म्हणायचं ते वाचा. दुचाकी, आणि चारचाकीत एम-१ वर्ग. एम-१ म्हणजे ड्रायव्हर सोडून आठपर्यंत माणसं बसणारी प्रवासी गाडी. मालवाहू गाड्या येतात एन वर्गात, आणि एन वर्गाचं त्यात नावच नाही.

या नियमानंतर महिन्याच्या आत, १३ ऑगस्ट २०२१ ला, वाहन स्क्रॅपिंग धोरण जाहीर झालं. पुढं एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या जड गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटची फी १२,५०० रुपये झाली. धंद्यातल्या गाडीला हे ठीक आहे. पण जी गाडी भाडं मारणारच नाही, वर्षातनं दोनदा शंभर माणसांपुढं चालवून दाखवायची आहे, तिला रस्त्यावर आणायची तर आजही मालवाहू गाडी म्हणूनच फिटनेस, मालवाहू म्हणूनच विमा, मालवाहू म्हणूनच टॅक्स.

म्हणजे हिशोब असा झाला. संस्थानिकाची शिकारीला जायची मोटार देशाचा वारसा, तिला खास नंबर. आणि ज्या गाडीनं आमचा गूळ, हळद, कांदा मुंबईला नेला, ती नुसतं लोखंड. आमची १२१० दोन वर्षांपूर्वीच पन्नाशी ओलांडून गेलीय. कार असती तर आरटीओत अर्ज करता आला असता.

आता ही गाडी म्हणजे काय होती, ते नव्या पोरांसाठी सांगतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडं ट्रक म्हणजे विलायती. वालचंद हिराचंदांनी, म्हणजे आपल्या सोलापूरच्या माणसानं, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातनं १९४७ पासून डॉज, फार्गो या नावांच्या गाड्या निघायला लागल्या. जुनी माणसं अजून ‘फार्गो’ म्हणतात ती हीच. बऱ्याच फार्गो पेट्रोलवर चालायच्या. पेट्रोल परवडेना म्हणून लोक ते इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवायचे. तिकडं मद्रासला अशोक मोटर्सनं ब्रिटनच्या लेलँडशी हात मिळवला आणि १९५५ मध्ये अशोक लेलँड हे नाव आलं. त्यांची ‘कॉमेट’ ज्यानं चालवली त्याला विचारा, तिचा आवाज तो तोंडानं काढून दाखवील.

टाटांची टेल्को कंपनी १९४५ ची. जमशेदपूरला रेल्वेची इंजिनं बनवायला निघाली होती. १९५४ मध्ये तिनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी पहिला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बाहेर पडला. म्हणून म्हातारे ड्रायव्हर टाटाच्या गाडीला अजून ‘मर्सिडीज’ म्हणतात. त्यात थट्टा नाही, फुशारकीही नाही. नाकावर तारा होताच तसा. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि टाटाचा ‘टी’ आला. पुण्याचा कारखाना १९६६ ला उभा राहायला लागला, तो सुमंत मुळगावकरांच्या हाताखाली. १९७७ मध्ये पुण्यात बनलेली पहिली मालवाहू गाडी बाहेर आली.

गाडीचं नाव वाचायलाही शिका. १२१० म्हणजे मालासकट १२ टन वजन आणि ताकद १०० अश्वशक्तीच्या आसपास. १३१२ म्हणजे १३ टन, १२०. इंजिनाचंही तसंच. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटरचं बोअर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ चं बोअर. आणि तुमच्या दारातली ४०७ आहे ना, तिच्यातलं ४९७ म्हणजे चार सिलिंडर, तेच ९७ चं बोअर. जे इंजिन बघून आमची पोरं गॅरेजचं काम शिकली, ते या थोरल्या भावाच्या पाठीवरचं आहे.

शंभर अश्वशक्ती म्हणजे आजच्या पन्नास एचपीच्या दोन ट्रॅक्टरएवढी ताकद. तेवढ्यावर सांगली-कराडचा माल खंबाटकी चढायचा, कात्रज चढायचा, खंडाळ्याचा बोरघाट उतरायचा आणि मशीद बंदरला जायचा. एक्सप्रेस वे नव्हता, तो पुरा झाला २००२ ला. पॉवर स्टिअरिंग नव्हतं. इंजिन अर्धं नाकात, अर्धं केबिनीत, त्यामुळं ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला सारखा शेक.

१९७२ च्या दुष्काळाचं ज्यांना आठवतं त्यांनी सांगावं, रोजगार हमीच्या कामावर सुकडी कशानं यायची, लाल मिलोची पोती कशानं यायची. रेल्वे स्टेशनपर्यंत धान्य आलं, पण स्टेशनापासून गावापर्यंत आणलं ते ट्रकनं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या गावानं भाकरी, घोंगड्या, भांडीकुंडी गोळा केली, ती याच गाडीच्या हौद्यात भरली. मी तेव्हा शाळेत होतो, फाळक्यावर चढून पोती आत ढकलली होती.

सहकाराचा इतिहास सांगताना आपण कारखान्याच्या चेअरमनचा पुतळा दाखवतो, पाण्याच्या टाकीवर नाव दाखवतो. उसाची मोळी गव्हाणीत पडायच्या आधी कशावर आली, ते कुठंच दाखवत नाही. बैलगाडीला निदान शोभायात्रेत तरी मान आहे. ट्रकला तोही नाही.

आता दुरुस्तीकडं येतो. दोन हंगाम आम्ही पाच-सहा जण या गाडीच्या मागं लागलो होतो. त्यातनं जे कळलं ते लिहितो. कुणाकडं अशी गाडी असेल तर उपयोगी पडेल.

गाडी अकरा वर्षं जाग्यावर उभी होती. २०१९ च्या पुरात चार दिवस चाकं पाण्यात. बरेच जण म्हणाले, ट्रॅक्टर लावून ओढा, गिअरमध्ये सोडा, चालू होईल. आमच्याबरोबर आबा होते. वय शहात्तर, पैकी चाळीस वर्षं याच जातीच्या गाड्यांवर. आबा म्हणाले, “ओढायची न्हाई. आत काय झालंय बघितल्याबिगर वढली तर हाय ते बी मोडंल.”

मग सहाही नोझल काढले. सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. नवव्या दिवशी पहार लावून हातानं इंजिन फिरवलं. आधी बोटभर हललं, मग वीतभर, मग एक पूर्ण फेरा. त्या दिवशी पेढे वाटावेत असं वाटलं.

डिफरन्शियलचा नट खोलला तर ऑइल ताकासारखं पांढरं. पुराचं पाणी आत. गिअर बॉक्सचंही तेच. दोन्ही डिझेलनं धुतले, बेअरिंगं तपासली, नवीन ऑइल भरलं. ज्यांच्या गाड्या, ट्रॅक्टर पुरात उभे होते त्यांनी एवढं तरी करा. वरनं काही दिसत नाही, आत गंज चालू असतो.

डिझेलची टाकी उतरवून आत खडी घालून हलवली, तेव्हा दोन मुठी गंज निघाला. फिल्टर बदलले. पंप तालुक्याच्या पंप-नोझलवाल्याकडं दिला. इथं एक धोक्याची गोष्ट सांगतो. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीचा पंप मोकळा आहे का, ते बघितल्याशिवाय स्टार्टर मारू नका. आतला रॅक फुल्लवर अडकलेला असेल तर इंजिन बेफाम सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही, कारण डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही. त्याला डिझेल आणि हवा मिळाली की झालं. म्हणून पहिल्यांदा चालू करताना एक माणूस सपाट फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभा ठेवायचा. सुटलंच तर फळी दाबून हवा तोडायची. हात किंवा फडकं लावायचं नाही, आत ओढलं जातं.

इंजिन खोललं तेव्हा बोअर झिजलेलं निघालं. ब्लॉक कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात बोरिंगला नेला. तिथल्या मिस्त्रींनी ब्लॉकवर हात फिरवला आणि म्हणाले, “अजून पन्नास वर्षं काढील.” त्यांच्याकडं काम शिकणारं पोरगं मात्र पहिल्यांदाच असलं इंजिन बघत होतं. हे लक्षात ठेवा, पुढं सांगतो.

सगळ्यात जास्त पैसा इंजिनाला लागला नाही, टायरांना लागला. सहा चाकं. आणि टायरबद्दल दुसरी धोक्याची गोष्ट. या वीस इंची डिस्कला लॉक रिंग असते. गंजलेली रिंग हवा भरताना सुटली तर माणूस जातो, जखमी होण्यावर भागत नाही. रिंग बघून, घासून, पिंजऱ्यात किंवा साखळीनं बांधूनच हवा भरायची, आणि समोर उभं राहायचं नाही.

ब्रेक आधी केले, रंग नंतर. लोक उलटं करतात. पहिला खर्च रंगावर, मग पैसे संपतात आणि ब्रेक तसेच. जी गाडी थांबत नाही ती चालू झाली असं म्हणू नये.

केबिन सुतारानं केली. त्या काळी कंपनी नुसती चॅसी आणि पुढचा पत्रा द्यायची. केबिन आणि हौदा इथल्या मिस्त्रींनी बांधायचा. म्हणून एकाच कंपनीच्या दोन गाड्या दिसायला सारख्या नसायच्या. आपल्याकडच्या बॉडीची धाटणी निराळी, पंजाबची निराळी. सुतारकाका दोन दिवस नुसते जुने सांधे बघत बसले. कुठं खिळा, कुठं नट, कुठं नुसती खाच, सगळं वहीत काढून घेतलं. कुजलेल्या तेवढ्या फळ्या बदलल्या, बाकीच्या तशाच ठेवल्या.

रंग खरवडताना मजा झाली. वरचा निळा काढला, खाली हिरवा. हिरवा काढला, खाली तपकिरी. आणि काचेच्या वर, कपाळपट्टीवर, इंग्रजी अक्षरं उमटली: पब्लिक कॅरियर. पोरं विचारायला लागली, हे काय? तर १९३९ च्या मोटार कायद्यात परवाना दोन प्रकारचा असायचा. भाड्यानं कुणाचाही माल वाहणारा तो पब्लिक कॅरियर, आणि स्वतःचाच माल वाहणारा प्रायव्हेट कॅरियर. १९८८ चा कायदा आला आणि हा भेद गेला. म्हणजे कपाळावरची दोन शब्दांची ओळ हा कायद्याचा इतिहासच आहे. आम्ही ती पुसली नाही, नवीनही काढली नाही. जेवढी उरलीय तेवढी वॉर्निश मारून ठेवली.

यातनंच माझं दुसरं मत तयार झालं. गाडी नवी दिसायला पाहिजे हा हट्ट सोडा. एक जण मर्सिडीजचा पितळी तारा घेऊन आला, म्हणाला नाकावर लावा, भारी दिसेल. आम्ही नको म्हणालो. गाडी १९७४ ची, तारा १९६९ लाच गेला. खोटा तारा लावून ती भारी होणार नाही, खोटी होईल. तसंच दिव्यांच्या माळा, चकचकीत स्टीलचे पत्रे, मोठ्या आवाजाचे हॉर्न. ज्याला त्याला हौस करायचा हक्क आहे, पण त्याला जुनी गाडी राखणं म्हणू नका. मागच्या फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ होतं, तेही तसंच ठेवलं. महाराष्ट्रात धंद्याच्या गाड्यांवर ते लिहायला २०१५ मध्ये बंदी आली. बंदी बरोबरच होती, विनाकारण हॉर्न वाजवायला ते आमंत्रणच होतं. पण १९७४ च्या गाडीवर ते राहू द्या, त्या काळाची सही आहे ती.

आता विरोधात जे बोललं जातं त्याचाही विचार करू.

पहिलं, धूर. बरोबर आहे. या इंजिनांच्या वेळी धुराचे आजच्यासारखे नियमच नव्हते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, त्यापुढं ही गाडी कुठंच बसत नाही. म्हणूनच मी म्हणतो, हिच्यावर एक क्विंटलही भाडं मारायचं नाही. वर्षाला चार-सहा तास चालणाऱ्या एका गाडीच्या धुरानं तालुक्याची हवा बिघडत नाही. रोज चालणाऱ्या शंभर गाड्यांनी बिघडते. त्या काढा, मी तुमच्याबरोबर आहे.

दुसरं, आणि हे मला जास्त टोचतं. आबांचा स्वतःचा मुलगा म्हणाला, “तुम्हाला कौतुक आहे. आमच्या बापाचं आयुष्य तिनं खाल्लं.” खरं आहे. एका कानानं ऐकू येत नाही आबांना, इंजिन शेजारी होतं म्हणून. पाठीचे मणके गेलेत. महिन्यातले पंचवीस दिवस घराबाहेर. घाटात ब्रेक तापून किती जण गेले, त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. क्लीनर म्हणून चढलेली पोरं चौदा-पंधरा वर्षांची असायची. हौद्याच्या क्षमतेपेक्षा दीडपट माल भरायचा, आणि पोलिसापुढं उभं राहायचं ड्रायव्हरनं, मालकानं नव्हे.

मी त्याला एवढंच म्हणालो, गाडी कापली की ही गोष्टही जाईल. त्या सीटवर कुणी पाच मिनिटं बसलं, ते स्टिअरिंग उभ्या गाडीत फिरवून बघितलं, इंजिनाचा शेक मांडीला लागला, की आबांचं आयुष्य समजावून सांगायला लागत नाही. कौतुक करायचं ते लोखंडाचं कमी आणि ते वळवणाऱ्या हातांचं जास्त. तो काही बोलला नाही. पण पुढच्या रविवारी आला आणि पाट्यांना ग्रीस मारत बसला.

तिसरं, पैसा. शेतकरी कर्जात आणि तुम्ही ट्रक सजवताय? आमचा सगळा खर्च वर्गणीतनं, एका जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीत बसला. माझं म्हणणं प्रत्येक शेतकऱ्यानं हे करावं असं नाहीच. तालुक्याला एक गाडी म्हणतोय, आणि तीही ज्यांना झेपतं त्या संस्थांनी.

बाहेर हे होतं. इंग्लंडमध्ये जुन्या मालवाहू गाड्या राखणाऱ्यांची संस्था १९५८ पासून आहे, दरवर्षी लंडन ते ब्रायटन जुने ट्रक रांगेनं चालवतात. अमेरिकेत ट्रकच्या इतिहासाची संस्था १९७१ पासून आहे. आपल्याकडं हरियाणात तावडूला वाहतुकीचं खासगी संग्रहालय आहे. आणि आपल्या अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे, शाळांच्या सहली जातात, चांगलं आहे. पण ज्यानं धान्य वाहिलं त्यालाही कुठंतरी छप्पर असावं ना?

माझ्या मागण्या चारच आहेत.

एक. व्हिंटेजच्या व्याख्येत ५० वर्षांवरची मालवाहू गाडी घ्या. अट घाला: माल भरायचा नाही, भाडं घ्यायचं नाही, ब्रेक-स्टिअरिंगची तपासणी सक्तीची. आमदार-खासदारांकडं रस्ता मागता, त्याच अर्जात ही एक ओळ टाका.

दोन. साखर कारखाने आणि बाजार समित्यांनी आपापल्या भागातली एक गाडी घ्यावी. पुतळ्याच्या खर्चापेक्षा कमीत होईल. हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत टाकताना ती मोळी या गाडीतनं आवारात आणावी. आवारातच, रस्त्यावर नको. बघा पोरं कशी धावतात.

तीन. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या मुलांना अशी गाडी द्या. आजच्या इंजिनात सेन्सर आणि कॉम्प्युटर. बिघाड झाला की स्कॅनर लावायचा. ते शिकलंच पाहिजे. पण नोझल उघडा करून, पाइपातली एअर काढून, सहा सिलिंडरांचा क्रम १-५-३-६-२-४ हातानं फिरवून बघितला, की डिझेल इंजिन म्हणजे काय ते कायमचं कळतं. उद्यमनगरातलं ते पोरगं आठवतंय ना? त्याला शिकवणारे मिस्त्री आणखी किती वर्षं आहेत?

चार. जुन्या ड्रायव्हरांना बोलतं करा. मोबाइल आहे सगळ्यांकडं, रेकॉर्डिंग लावा. कुठला घाट, कुठला मुक्काम, काय भाडं, कुणाचा माल. गाडी अजून दहा वर्षं उभी राहील. ही माणसं राहतील का?

आणि ज्यांच्या बांधावर अशी गाडी आहे त्यांच्यासाठी, निर्णय होईपर्यंत बिनपैशाची कामं: जॅक लावून खाली दगड-ओंडके द्या, टायरवरचा भार जाऊ द्या. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला, पावसाचं पाणी आत जातं. रेडिएटर रिकामा करा. बॅटरी काढा. आरसी बुक, जुना विमा, परमिटचे कागद प्लॅस्टिकमध्ये घाला, फेकू नका. चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो छाप जपा. आणि कुणी ‘नुसता स्टार्टर द्या’, ‘नुसता पंप द्या’ म्हणाला तर देऊ नका. एकेक भाग गेला की गाडीचं भंगार आपोआप होतं.

आमच्या १२१० चं सांगून थांबतो. गाडी आता चालू आहे. रस्त्यावर आणता येत नाही, वस्तीच्या वाटेवर पुढं-मागं होते. मालकांच्या पोरांची वाटणी दिवाळीनंतर आहे. थोरल्याला गाडी ठेवायचीय, धाकट्याला ती जागा हवीय, भंगारवाल्यानं वजनावर आकडा दिलाय. धाकट्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, घर बांधायचंय त्याला, जागा त्याचीच आहे. म्हणून त्या दोघांना इथं जाहीर सांगतो: माझ्या विहिरीजवळची दोन गुंठे पडीक जागा गाडीला देतो, भाडं नको. पत्र्याचं शेड आम्ही वर्गणीत करू. मालकी तुमचीच राहू द्या. फक्त गॅस कटर लावू नका.

तुमच्या गावात अशी एखादी उभी असेल, टाटा, लेलँड, फार्गो, बेडफर्ड, काहीही, तर फोटो, साल आणि गाव कळवा. ती कुणी चालवली त्या माणसाचं नाव त्याला विचारून लिहा. यादी तरी करू. यादी हातात असली तर कुणाकडं तरी मागायला जाता येईल.

झड उघडली की हुमणीबद्दल लिहितो. उसात मुळ्या बघत राहा.